शून्यावर अकरा मिनिटं

मे महिना. महालातलं कॉलेज. फेरपरीक्षेचं प्रॅक्टिकल.
सिमेंटच्या पत्र्याखाली आमची प्रयोगशाळा,
पंखा तीच ती हवा पुन्हा वाढून राहिला
शिळ्या भाजीसारखी.
बर्फ मी सकाळीच आणला, कॉटन मार्केटजवळून,
बारदानात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर.
येता येता अर्धा डांबरानं पिऊन टाकला.

टेबल नंबर चार, मोनाली धकाते.
चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, तापमापी, ढवळणी.
दर मिनिटाला एक नोंद.
शून्य.
शून्य.
शून्य.
सहाव्या मिनिटाला तिनं मान वर केली,
“मामा, हे बिघडलं का? दिवा तर जळून राहिला,
मग पारा काऊन हलून नाही राहिला?”

परीक्षक व्हरांड्यात मठ्ठा पीत होते.
तिच्या पेनाला घाई सुटली होती.
दोन, साडेतीन, पाच,
असे आकडे मागच्या टेबलावर आधीच पिकले होते.

शून्यच लिही, मी म्हणालो.
शिकवणं माझ्या हुद्द्यात बसत नाही, मी काच धुणारा,
पण तेवीस वर्षं हाच बर्फ वितळताना पाहतोय.
पारा फक्त धावपळ मोजतो, पोरी.
कण किती जोरात पळतात, तेवढंच त्याला समजतं.
हात सोडवून घेणं त्याला दिसत नाही.
आत एकेक कण
शेजाऱ्याच्या मुठीतून आपली बोटं काढून राहिला,
सगळी आच तिथं लागते,
जमा होते, पण बोलत नाही.
पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात.
एका ग्रॅमला ऐंशी कॅलरी,
नुसतं बर्फाचं पाणी व्हायला.
तेवढ्याच ऐंशीत तेच पाणी पुढं
शून्यावरून थेट हात भाजेपर्यंत जातं.

तिनं लिहिलं. शून्य. अकरा वेळा.
मग शेवटचा खडा, शेंगदाण्याएवढा,
ढवळणीभोवती एक गिरकी घेऊन दिसेनासा झाला
आणि पारा उठला,
कुणी हजेरीत नाव पुकारल्यासारखा.

संध्याकाळी इतवारीतून घरी.
पेपरात शेहेचाळीस होतं,
सायकलची सीट, दाराची कडी, नळाचं पाणी,
सगळ्यांनी पेपर वाचलेला.
आमचा टिनाचा कूलर रोज दोन हंडे पाणी घेतो,
ते पाणी खोलीचा ताप उचलतं
आणि वाळ्याच्या ताटीतून उडून जातं.
रोज दोन हंडे. कुठं गेले, कुणी विचारत नाही.

रंजना ओट्यापाशी उभी होती.
माझ्या आईचं अंथरूण तिनं चौदा वर्षं काढलं,
आई गेली त्याला आता वर्ष होईल.
मी रोज दारातून विचारायचो, कशी आहेस?
ठीक.
ठीक.
ठीक.
मी नोंद करून घ्यायचो.

आज ती म्हणाली, “सोमवारपासून मी सतरंजीपुऱ्याला जाणार,
शिवणाच्या कारखान्यात. मशीनवर बसून दाखवलं, ठेवून घेतलं.
सहाला यीन. सायंकाळचा भात तुम्ही लावाल.”
आवाज तोच, रोजचा.
हात कोरडे करून तिनं टॉवेल खुंटीला लावला,
आणि मला दिसलं, खुंटीवर नवी पिशवी आहे,
कात्री, टेप, डबा, सगळं भरून.
कधीची असेल?

मी उपमा देणारा माणूस नाही.
हंडा उचलला, कूलरमध्ये ओतला.
ताटी ओली झाली, वाळ्याचा वास सुटला.
मग विचारलं, “भाताला शिट्ट्या किती?”

“तीन,” ती म्हणाली. “पहिली झाली की गॅस बारीक करा.
त्यानंतर आच कितीही वाढवा,
आतलं जास्त तापत नाही.
नुसतं सिलिंडर लवकर संपते.”